पाचपैकी पाच

बारावीनंतर पोरगं परदेशी निघालं की घरात बॅगा भरायची धांदल सुरू होते. सध्या आमच्या सांगलीत ओळखीच्या तीन घरांत ती चालू आहे आणि मला रोज मेसेज येतात. कुकर न्यायचा का, तिकडे तूरडाळ मिळते का, थंडीचं जॅकेट इथूनच घ्यायचं का. डाळ मिळते, जॅकेट तिथेच घ्या. पण जे कुणीच विचारत नाही ते मला लिहायचंय, म्हणून पोस्ट मोठी झाली आहे.

मी 2024 मध्ये जर्मनीला, हानोफरला आले. आपली बारावी इथे बहुतेकांना थेट पदवीसाठी चालत नाही. आधी श्टुडिएनकोलेगचं एक वर्ष करावं लागतं: गणित, फिजिक्स, जर्मन भाषा, शेवटी परीक्षा. ते वर्ष मला जड गेलं नाही. वर्ग लहान, हजेरी घेतली जायची, शिक्षक नावानं हाक मारायचे. आपल्या ज्युनिअर कॉलेजसारखंच.

पदवी सुरू झाली आणि सगळं बदललं. शेकडो मुलांचा हॉल. लेक्चर संपलं की सगळे मुठीनं बाक ठोकतात, ती इथली टाळी. मग पाच मिनिटांत हॉल रिकामा. हजेरी नाही. दर आठवड्याला गणितांचा कागद मिळतो, पण सोडवला का म्हणून विचारणारं कुणी नसतं. सेमिस्टरच्या शेवटी एक परीक्षा, सगळं तिच्यावर. सांगलीत मला क्लासला दहा मिनिटं उशीर झाला तरी पप्पांच्या मोबाईलवर मेसेज जायचा. त्या मेसेजच्या धाकानं मी अभ्यास करत होते, हे मला इथे येईपर्यंत कळलंच नव्हतं. मी तीन आठवडे लेक्चरला गेले नाही आणि कुणालाही पत्ता लागला नाही.

त्यात डिसेंबर. साडेचारला बाहेर अंधारून आलेलं. त्या वेळी भारतात रात्रीचे नऊ वाजलेले असतात, आईचं आवरून झालेलं असतं आणि तिचा व्हिडिओ कॉल येतो. मी दिवा लावायचे, केस बांधायचे, मग फोन उचलायचे. "सगळं छान आहे गं." रोज.

पहिल्या सेमिस्टरला गणितात मी नापास झाले. इथे 1.0 म्हणजे सगळ्यात उत्तम, 4.0 म्हणजे जेमतेम पास आणि 5.0 म्हणजे नापास. पप्पांनी विचारलं, "किती पडले?" मी म्हटलं, "पाच." "कितीपैकी?" मी म्हटलं, "पाचपैकी." ते मागे वळून आईला ओरडून सांगत होते ते मला ऐकू येत होतं. त्या रात्री मी जेवले नाही.

मी खोटारडी मुलगी नव्हते. पण व्हिसासाठी एक वर्षाचा खर्च आधीच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दर महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात, भरावा लागतो. माझ्या वेळी तो 11,208 युरो होता, सप्टेंबर 2024 पासून 11,904 झाला. आमच्याकडे ते पैसे घर तारण ठेवून आले. निघताना स्टेशनवर काका म्हणाले होते, "नाव काढ हं घराण्याचं." चांगल्या मनानंच म्हणाले. पण अठरा वर्षांची मुलगी ते वाक्य बॅगेत सगळ्यात वर घेऊन निघते, मग नापास झाल्याचं सांगायला तिची जीभ रेटत नाही.

म्हणून आईवडिलांना हात जोडून सांगते. मुलांना निघण्याआधी एकदा समोर बसवून म्हणा, "नापास झालास तर पहिला फोन आम्हाला कर, आम्ही रागावणार नाही." आणि मग खरंच रागावू नका. बँकेतलं काम, सरकारी कार्यालयातला अर्ज त्यांना एकट्याला करू द्या, चुकला तरी चालेल. आणि रोज "सगळं ठीक ना?" विचारू नका. त्या प्रश्नाला "हो" एवढंच उत्तर येतं. आज कुणाशी बोललीस, असं विचारा. मला तेव्हा कुणी तसं विचारलं असतं तर मी रडले असते, कारण उत्तर "कुणाशीच नाही" होतं.

मला बाहेर काढलं ते कलकत्त्याच्या एका मुलीनं. तिनं मला फाखशाफ्टमध्ये नेलं, म्हणजे प्रत्येक विभागाची विद्यार्थ्यांची संघटना. तिथे जुन्या प्रश्नपत्रिका मिळतात, सीनियर मुलं शंका सोडवतात. ती खोली माझ्या हॉलपासून दोन मिनिटांवर होती. मी चार महिने तिच्यासमोरून जात होते, पण दार ठोठावून "मला हे येत नाही" म्हणायची सवयच नव्हती. आपल्याकडे हुशार मुलीनं तसं म्हणायचं नसतं ना.

फेरपरीक्षेच्या आधी मी घरी खरं सांगितलं. पप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "परत कधी आहे?" दुसऱ्या दिवशी आईनं भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो पाठवला, त्या तारखेभोवती लाल पेनानं गोल केलेला. 2.7 मिळाले. ते चांगले की वाईट, हे यावेळी त्यांनीच मला सांगितलं.

गेल्या रविवारी शेजारच्या काकूंचा फोन आला, त्यांची मुलगी सप्टेंबरमध्ये निघते आहे. कुकरचं बोलून झाल्यावर मी म्हटलं, "काकू, फोन स्पीकरवर ठेवा आणि काकांनाही बोलवा." मग तिघांनाही जर्मनीत मार्क कसे मोजतात ते समजावून सांगितलं. 1 पासून सुरुवात केली आणि 5 पाशी जरा जास्त वेळ थांबले.