स्पेन-पोर्तुगालमधल्या घराबद्दल खुलासा

"स्पेन किंवा पोर्तुगालमध्ये सुट्टीसाठी घर घ्या, गोल्डन व्हिसा मिळवा" असा मेसेज नागपूरच्या धरमपेठ, रामदासपेठेतल्या ग्रुपवर फिरतोय. गोल्डन व्हिसा म्हणजे गुंतवणुकीच्या बदल्यात तिथे राहण्याचा परवाना. माहिती जुनी आहे. पोर्तुगालने घरखरेदीचा मार्ग ऑक्टोबर २०२३ मध्येच बंद केला. स्पेनने ३ एप्रिल २०२५ पासून योजनाच गुंडाळली. घर आजही घेता येतं, पण त्याच्या जोरावर राहण्याचा परवाना मिळत नाही. शेंगेन (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक) पर्यटक व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, बस्स.

मेसेजमधलं "कितीही पैसे पाठवा" हेही चूक. परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची मर्यादा माणशी, आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलर आहे. शिवाय निवासी करदात्याला हे घर आयकर विवरणपत्रात दाखवावंच लागतं.

आयुष्यभराची पुंजी असते हो ही! बयाणा देण्याआधी तिथल्या स्वतंत्र वकिलाकडून कागद तपासून घ्या, विकणाऱ्याने सुचवलेल्या नव्हे.