वांग्याच्या झाडावर नर फूल शोधू नका

बागकामाच्या गटांमध्ये सध्या एक संदेश फिरतोय. त्यात ठासून सांगितलंय, की वांग्याला नर आणि मादी फुलं वेगळी येतात, गळणारी ती नर, म्हणून आधीच खुडून टाका. भोक असलेलं वांगं बिनफवारणीचं. कडुनिंबाचं तेल मारलं की अळी मरते. आणि मंडईतली वांगी आता सगळी बीटी, म्हणजे अळीला मारणारं जिवाणूचं जनुक घातलेली. तो वाचून शेजारच्या काकूंनी ऐन बहरातल्या रोपाची निम्मी फुलं खुडली, तेव्हा मला राहवलं नाही.

नर-मादी फुलं वेगळी असतात ती भोपळ्याची, दोडक्याची, काकडीची. वांग्याच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. फरक असतो तो मधल्या दांडीच्या लांबीत. पिवळ्या पुंकेसरांच्या झुबक्यातून हिरवं टोक बाहेर डोकावत असेल, तर फळ धरायची शक्यता चांगली. ते आतच दडलेलं असेल तर फूल बहुधा गळतं, आणि आपलं आपण गळतं. खुडायला गेलं की चांगली फुलंही हाताला लागतात. वांग्याचे परागकण पुंकेसरांच्या टोकाच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडतात, त्यासाठी फूल हलावं लागतं. शेतात ते काम वारा आणि भुंगे करतात. बंद गॅलरीत तुम्हीच सकाळी देठाला हलकी टिचकी मारा. थंडीत रात्रीचा पारा १५ अंशांखाली उतरला की तरीही फळं कमीच धरतात. तो दोष फुलाचा नाही.

भोकाचं तर उलटंच आहे. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी अगदी लहान असतानाच आत शिरते आणि ते छिद्र बुजून जातं. आपल्याला दिसतं ते मोठं भोक बहुतेक वेळा अळी बाहेर पडल्याचं. ती आत असताना औषध तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणूनच वांग्यावर पुन्हा पुन्हा फवारण्या होतात. तेव्हा किडक्या वांग्यावर औषध पडलंच नसेल असं समजू नका.

कडुनिंबाच्या तेलाचंही तेच. मावा, पांढरी माशी यांच्यावर ते उपयोगी पडतं, आत शिरलेल्या अळीवर नाही. घरच्या चार रोपांना त्याहून सोपा उपाय आहे: मान टाकलेला शेंडा दिसला की पोखरलेल्या भागाच्या खाली कापा आणि साबणाच्या पाण्यात बुडवा. किडकी फळंही तशीच. कंपोस्टमध्ये टाकू नका, अळी कोषात जाऊन पतंग बनून परत येते.

राहिलं बीटी. ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्राच्या समितीने बीटी वांग्याला मान्यता दिली होती, पण फेब्रुवारी २०१० मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली. बांगलादेशात २०१४ पासून ते शेतात आहे. आपल्याकडे २०१९ मध्ये हरियाणात बेकायदा लागवड सापडली, हे खरं. पण तेवढ्यावरून मंडईतलं प्रत्येक वांगं बीटी ठरत नाही.

काकूंच्या रोपाला पुन्हा फुलं आलीत. काल दोघींनी मिळून पाहिली. हिरवं टोक बाहेर आलेली पाच निघाली.