फ्रेंच राज्यक्रांतीवर ठोकून व्याख्यान कसं द्यावं

पहिली गोष्ट, काही वाचू नका. वाचलं की शंका येतात आणि शंका आल्या की आवाज बसतो. या विषयाला आवाज लागतो.

सुरुवात पॅरिसच्या बास्तील तुरुंगापासून करा. १४ जुलै १७८९, हजारो निरपराध राजबंदी, साखळदंड, अंधारकोठड्या, आणि दार फोडून त्यांना मोकळं करणारी जनता. त्या दिवशी आत सातच कैदी होते, चौघे खोट्या हुंड्या बनवणारे, दोघे वेडे आणि एक घरच्यांनीच कोंडायला लावलेला सरदारपुत्र, हे बोललात तर टाळ्या गेल्याच म्हणून समजा. लोक गेले होते दारूगोळ्यासाठी. बंदुका सकाळीच दुसरीकडून लुटल्या होत्या, बारूद तेवढी राहिली होती. पण बारुदीसाठी टाळ्या कोण वाजवतं?

त्या दिवशी राजाने, सोळाव्या लुईने, रोजनिशीत 'काही नाही' एवढंच लिहिलं, हे डोळे मिटून सांगा. ती शिकारीची नोंदवही होती, हे सांगू नका.

डॉक्टर गिलोटिनने मुंडकं उडवायचं यंत्र शोधलं आणि त्याच यंत्राखाली त्याची मान गेली, असंही सांगा. नियतीचा न्याय वगैरे. आराखडा आंत्वान लुई नावाच्या शल्यवैद्याचा होता आणि गिलोटिनसाहेब १८१४ साली अंथरुणात वारले, पण अंथरुणात वारलेल्या माणसाचं व्याख्यान होत नाही.

आता मुख्य पदार्थ, केक. 'पाव नसेल तर केक खा' हे राणी मारी आंत्वानेतच्या तोंडी घालताना आवाज किंचित बायकी काढा, लोक हमखास हसतात. परवा आमच्याकडच्या व्याख्यानमालेत वक्त्यांनी हेच केलं आणि लोक हसले. केकवरून गाडी राणीच्या केशरचनेवर गेली, तिथून दागिन्यांवर, तिथून 'बाईच्या हातात सत्ता गेली की असंच होतं' या सिद्धान्तावर. मी शेवटी उभा राहिलो आणि म्हटलं, अहो, हा किस्सा तत्त्वज्ञ रूसोने आपल्या आत्मचरित्रात कुणा बिननावाच्या राजकन्येचा म्हणून लिहिलाय, आणि तो लिहिला तेव्हा ही पोरगी व्हिएन्नात परकराच्या वयाची होती. फ्रान्सला आली ती १७७० साली, चौदाव्या वर्षी, लग्न लावून पाठवलेली. तर वक्ते हसून म्हणाले, "तपशिलात अडकू नका हो, भावना समजून घ्या." अध्यक्षांनी मान डोलावली. शाल-श्रीफळ झालं. कॉफी झाली.

कसली भावना? तपशिलातच तर सगळं आहे! १७८८ साली गारपिटीने आणि दुष्काळाने पीक बुडालं. चार पौंड वजनाचा पाव एरवी आठ-नऊ सूंना, म्हणजे तेव्हाच्या फ्रेंच नाण्यांना, मिळायचा, तो १७८९ च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये साडेचौदा सूंवर गेला. साध्या मजुराची दिवसाची कमाई वीस-तीस सू. त्यात बायको, पोरं, भाडं, सरपण. तिकडे सरकारचा निम्मा खर्च कर्जाच्या व्याजावर जायचा आणि ते कर्ज बऱ्याच अंशी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांची जिरवायला काढलेलं. आणि सरदार नि धर्मगुरू मुख्य करांतून सुटलेले! पण हे सांगितलं तर श्रोत्यांना आपली करपावती आठवेल. त्यापेक्षा मूर्ख राणी सोयीची. सगळा दोष एका बाईच्या जिभेवर टाकला की हिशेब कुणालाच मागायला नको.

समारोपाला 'स्वातंत्र्य, समता, बंधुता' म्हणून हात वर करा आणि आंबेडकरांनी हे तिथूनच उचललं असं ठासून सांगा. आपण ही तत्त्वं फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे तर बुद्धाच्या शिकवणीतून घेतली, असं बाबासाहेब १९५४ साली आकाशवाणीवर स्वच्छ बोलले होते. पण त्यांचं ऐकायला आपण थोडेच जमलोय?

आणि राणीच्या जागी आजचा आपला नावडता नेता बसवायला विसरू नका. कुठलाही चालतो.

जाऊ द्या, आता सरळच विचारतो. लाज नाही वाटत? ज्या बायकांची नक्कल करून तुम्ही हशा काढता, त्याच बायका ५ ऑक्टोबर १७८९ ला पावसात, चिखलातून, तोफा ओढत पॅरिसहून राजवाड्यावर, व्हर्सायला, वीसेक किलोमीटर चालत गेल्या. पाव मागायला. दुसऱ्या दिवशी राजा, राणी आणि पोरांना पॅरिसला घेऊनच परतल्या. राजा पुन्हा कधी व्हर्सायला राहायला गेला नाही. आणि त्यांच्या पदरात काय पडलं? १७९३ च्या ऑक्टोबरात बायकांच्या राजकीय मंडळांवर क्रांतिकारकांनीच बंदी घातली. स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिणाऱ्या ऑलिम्प द गूजचं डोकं त्यानंतर चारच दिवसांत उडवलं. फ्रान्समध्ये बायकांना मत मिळालं ते १९४४ साली. यातलं एक वाक्य तरी त्या व्याख्यानात बसलं नसतं का? वेळ नव्हता म्हणू नका. दीड तास होता तुमच्याकडे, त्यातली वीस मिनिटं केकने खाल्ली.