निपाणी-चिकोडीत सोन्याची खाण सापडल्याच्या मेसेजबद्दल खुलासा

"निपाणी-चिकोडी पट्ट्यातल्या काळ्या दगडात सोनं-चांदी सापडली, जमिनी विकू नका" असा मेसेज गावोगावच्या ग्रुपवर फिरतोय. त्याखालची मूळ बातमी मी उघडून वाचली. ती मेक्सिकोतल्या ज्वालामुखीच्या खडकांमधल्या शोधकामाची आहे. आपल्या तालुक्यांचा त्यात उल्लेखही नाही.

तिथलं कामसुद्धा अगदी सुरुवातीच्या टप्प्यात आहे. आधी ओढ्यातली माती आणि उघड्या दगडांचे नमुने तपासतात, मग चर खणतात, मग ड्रिलिंग करून दगडाचे लांब गोल तुकडे वर काढतात. एका टनात किती ग्रॅम सोनं, हे प्रयोगशाळा सांगते. एक-दोन नमुने चांगले निघाले म्हणजे खाण झाली नाही. बहुतेक शोध तिथेच थांबतात.

राहिला आपला काळा दगड. तो ज्वालामुखीचाच, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा बेसाल्ट. पण नुसत्या लाव्ह्यानं सोनं साठत नाही. खडकाच्या भेगांतून खनिजं विरघळलेलं गरम पाणी दीर्घकाळ वाहावं लागतं. कर्नाटकातलं हट्टीचं सोनं 250 कोटी वर्षांहून जुन्या खडकांत आहे, तो खडक वेगळा.

बोअर मारताना चमकणारे पांढरे स्फटिक निघतात, ते बहुधा झिओलाइट नावाचं खनिज किंवा गारगोटी. पिवळा कण दिसलाच तर हातोडीनं ठोकून बघा: सोनं चपटं होतं, पायराइटचा (सोन्यासारखं चमकणारं लोखंड-गंधकाचं खनिज) चुरा होतो.

या मेसेजच्या भरवशावर कुणी जमिनीचा व्यवहार मोडू नये की इसार देऊ नये. कृपा करून तो पुढे पाठवू नका, आणि पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.