थोडं गरम झालंय

जुनी कॅम्पर व्हॅन रस्त्यात बंद पडली, की इंग्लंडमधले लोक आधी हसतात. कुचेष्टेनं नाही, मायेनं. आमची फोक्सवॅगन 1969 सालची, खाली नारिंगी, वर पांढरी, आणि चेहरा इतका हसरा की हिच्या पोटात काही दुखत असेल हे बघणाऱ्याला पटतच नाही. सॉमरसेटमधला पोरलॉक हिलचा चढ चारास एक आहे. त्याच्या अलीकडेच ती फटफट करत कडेला थांबली, तर मागून आलेले एक आजी-आजोबा मोटार थांबवून खाली उतरले. मला वाटलं, मदतीला आले. त्यांना फोटो हवा होता. आम्ही जरा बाजूला झालो तर गाडी एकटी छान येईल, असं त्यांचं म्हणणं.

"काय झालंय?" मी नवऱ्याला विचारलं.

"थोडं गरम झालंय."

या वाक्यात मावणार नाही असा बिघाड जर्मनीत अजून तयार झालेला नाही.

गाडी घेताना "हिला पाणी लागत नाही" हे त्यानं फार अभिमानानं सांगितलं होतं. रेडिएटर नाही, मागे आडवं पडलेलं चार सिलिंडरचं इंजिन, पंख्याच्या वाऱ्यावर थंड होणारं. ताकद 47 हॉर्सपॉवर, आणि ती ओढणार आम्हां दोघांना, पलंग, कपाट, गॅसची शेगडी आणि माझ्या हट्टाखातर घेतलेला पाच लिटरचा कुकर. पण पाणी नाही म्हणजे उकळून बोंब मारणारंही कुणी नाही. समोर तापमानाचा काटा नाही. डायनॅमोचा लाल दिवा लागला, की बॅटरीचं काहीतरी असेल म्हणून माणूस पुढच्या गावापर्यंत रेटतो. आता डायनॅमो आणि पंखा एकाच पट्ट्यावर फिरतात. पट्टा तुटला असेल, तर पुढचं गाव फक्त प्रवाशांना दिसतं, इंजिनाला नाही.

आमचा पट्टा मात्र धडधाकट होता. संशय तीन नंबरवर होता.

त्या काळच्या या इंजिनांत तीन नंबरच्या सिलिंडरचं नशीबच खोटं. तेल थंड करणारा ऑईल कूलर नेमका त्याच्या वाऱ्याच्या वाटेत, त्यामुळे बाकीच्यांना ताजी हवा आणि याला उरलीसुरली, तीही तापलेली. जळालेला धूर बाहेर सोडणारी झडप, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, तापून तापून लांबतो, आणि एक दिवस त्याचं डोकं तुटून पिस्टनवर पडलं की खेळ खलास. तसा तो आधी कळवतो. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारी दांडी यांच्यातली फट थंड इंजिनावर 0.15 मिलिमीटर ठेवायची असते. तीच एक फट दर वेळी आवळलेली सापडायला लागली, तर पाना खाली ठेवून हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, खोलावं. आमच्याकडे ती दर वेळी नव्यानं लावली जायची आणि वर चहा व्हायचा.

गाडी ट्रकवर बसून घरी आली. या देशात 40 वर्षं उलटलेल्या गाडीला रोड टॅक्स नाही, वार्षिक तपासणीचीही सक्ती नाही. त्यामुळे तिला नापास करणारं अधिकृत कुणी उरत नाही. अनधिकृत होते, व्हिडिओ कॉलवर, कराडहून. सासऱ्यांनी विहिरीवरचं डिझेल इंजिन उभी हयात चालवलं.

"पुली धर आन् मागंपुढं हलव. हालतीया का?"

"नाही, बाबा."

"मग खालचं काम नाही. क्रँक बरा हाय. वरचं बघ. आन् तेल सोडून जाळी बघ, चमकी आली का." चमकी म्हणजे आतला धातू झिजल्याची खूण. जाळी स्वच्छ निघाली. नवऱ्याच्या चेहऱ्यावर पुन्हा "थोडं गरम" उगवायला लागलं.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात हवा किती दाबली जाते ते. मी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायचा, त्यानं मागे दाब दाखवणारं घड्याळ वाचायचं. तीन सिलिंडर 110 पीएसआयच्या आसपास, तीन नंबर 45. उभ्या इंजिनात अशा वेळी चमचाभर तेल घालून दोष पिस्टनच्या रिंगांचा की व्हॉल्व्हचा ते ठरवतात. आडव्या सिलिंडरात तेल खालच्या बाजूलाच साचतं, त्यामुळे त्या परीक्षेवर फार विसंबता येत नाही. म्हणून त्यानं दोन्ही व्हॉल्व्ह मिटतील असा पिस्टन आणून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली. आता आवाज कुठून येतो ते ऐकायचं: कार्ब्युरेटरमधून आला तर इनलेट व्हॉल्व्ह, ऑईल भरायच्या तोंडातून आला तर रिंगा, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट. दोन तोंडं त्यानं घेतली. सायलेन्सर माझ्याकडे. मी भर रस्त्यालगत गुडघ्यांवर, कान नळकांड्याला लावून, आणि शेजारीण कुत्र्याला घेऊन नेमकी तेव्हाच समोरून. "लव्हली मॉर्निंग," ती म्हणाली. कानात फुस्स चाललं होतं.

"इकडे येतोय," मी ओरडले.

"वाऱ्याचा असेल," नवरा म्हणाला.

गिअरबॉक्सला इंजिन चारच बोल्टांवर धरलेलं असतं, हे तो आल्यागेल्याला सांगतो. त्या चारांतले खालचे दोन निघायला अख्खा रविवार लागला, ते सांगत नाही. ट्रॉली जॅकवर शंभरेक किलोचं धूड मागच्या मागे बाहेर आलं, हेड उतरलं, आणि जळून कड खाल्लेला तीन नंबरचा व्हॉल्व्ह हातात आला. डोकं अजून जागेवर होतं, एवढंच. त्याच्या बैठकीपासून प्लगच्या भोकापर्यंत हेडला बारीक चीर. मी इलेक्ट्रिक मोटर बसवायचा विषय काढला. नवऱ्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी आमटीला फोडणी द्यायला निघून गेले.

नवीन हेड आलं, इंजिन चढलं, एका चावीत सुरू झालं. आता गिअरबॉक्समधून एक घुंई येते. नवरा म्हणतो, ती आधीपासूनच होती. इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नव्हती.