गिझर कुणी बसवला, ते आधी विचारा

दोन वर्षांपूर्वीच्या गणपतीतली गोष्ट. इथे कधी लिहिली नव्हती, लिहायला बसलं की हात थांबायचा. पण गेल्या आठवड्यात वाडीतल्याच एका घरी नवा गॅस गिझर न्हाणीघराच्या आत लागलेला पाहिला आणि राहवेना.

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्र दहा मिनिटांवर. गणपतीला चाकरमानी आले की घरात चौदा-पंधरा माणसं होतात. पहाटे चारपासून आंघोळींचे नंबर लागतात. पूर्वी मागल्या दारी तांब्याचा बंब होता. नारळाची सोडणं, करवंट्या सारल्या की कढत पाणी तयार. धुराने डोळे चुरचुरायचे, पण तो धूर उघड्यावर जायचा आणि डोळ्यांना दिसायचा. घर दुरुस्त केलं, लाद्या लागल्या, तसा बंब माळ्यावर गेला. पावसात आमच्याकडे वीज दोन-दोन दिवस नसते, म्हणून गॅसचाच गिझर घेतला. दुकानातून बसवायला एक मुलगा आला, फुकट. भिंतीला भोकं पाडली, स्क्रू आवळले, पाणी सुरू करून दाखवलं, अर्ध्या तासात गेला. "कुठे लावू?" असं त्याने मलाच विचारलं होतं. मी म्हटलं, आतच लाव, बाहेर पाइप दिसायला नकोत.

त्या पहाटे आठवी की नववी आंघोळ पुतणीची होती. बाहेर मुसळधार पाऊस, म्हणून खिडकीची सरकती काच घट्ट लावलेली. आतून तांब्या पडल्याचा आवाज आला. मी हाक मारली, उत्तर नाही. पाण्याची धार मात्र चालूच. दिरांनी खांद्याने दार ढकललं तेव्हा कडी उचकटली. पोर भिंतीला टेकून बसली होती, मान एका बाजूला कललेली. चादरीत गुंडाळून पडवीत आणली, वाऱ्यावर ठेवली. थोड्या वेळाने डोळे उघडले, उलटी झाली आणि "काकी, डोकं फुटतंय" एवढंच म्हणाली.

आम्ही सगळे उपाशीपोटी चक्कर आली असेल असंच धरून चाललो होतो. दवाखान्यात बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं तर आकडा 98. मला हायसं वाटलं. डॉक्टरांनी मात्र पहिला प्रश्न विचारला, "आंघोळीला गॅस गिझर आहे का?" आणि लगेच ऑक्सिजन लावला.

त्यांनी नंतर जे समजावलं ते माझ्या मनातून जात नाही. जळणाऱ्या गॅसला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडर गळल्यावर येतो तो वास मुद्दाम मिसळलेला असतो, गॅस जळला की तोही जळून जातो. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरून बसतो, आणि बोटावरच्या यंत्राला दोघांतला फरक कळत नाही. म्हणून 98. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गिझर म्हणजे शेगडीचे चार-पाच मोठे बर्नर एकदम पेटवून दार लावून घेतल्यासारखं आहे. एका माणसाची आंघोळ एखादवेळेस निभावून जातेही, पण भरवसा नाही. आमच्याकडे त्या पहाटे तो जवळजवळ सलग चालू होता, आणि आतली हवा बदलायला वावच नव्हता.

पोर वाचली. आता ठणठणीत आहे.

त्यानंतर मी ठरवून शिकलेला माणूस शोधला. आयटीआय केलेला, वायरमनचा परवाना असलेला, गिझरचंच काम वर्षानुवर्षं करणारा. तो आला आणि पिशवी उघडायच्या आधी वीसेक मिनिटं नुसतं विचारत होता. घरात माणसं किती, सणाला किती? टाकी नळापेक्षा किती उंच? पाणी विहिरीचं की नळयोजनेचं? अर्थिंग कुठे पुरलंय? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं. त्याने फेज, म्हणजे वीज येते ती तार, आणि अर्थिंग यांच्यामध्ये शंभरचा बल्ब लावून पाहिला. बल्ब नुसता मिणमिणला. आमची सगळी जमीन जांभ्याची, वैशाखात कोरडी ठक्क, आणि गळलेला करंट जमिनीत मुरवायला अर्थिंगला ओल लागते. म्हणजे इतकी वर्षं आम्ही नावापुरत्या अर्थिंगवर राहत होतो. त्याने न्हाणीचं पाणी जातं त्या केळीच्या आळ्याशेजारी नवा खड्डा घ्यायला लावला, कोळसा-मीठ घालून अर्थिंग केलं, पुन्हा बल्ब लावला. लख्ख पेटला. तो उजेड पाहून मला खरंच रडू आलं.

आता रोजच्या वापराला 25 लिटरचा विजेचा गिझर आहे, 2000 वॅटचा. अर्ध्या तासात, साधारण एका युनिटमध्ये पाणी तापतं. त्याला वेगळी वायर, 16 अँपिअरचा सॉकेट आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी. करंट कुठे गळायला लागला की ती क्षणात वीज तोडते. गरम पाण्याच्या लाइनला त्याने उष्णता सोसणारा सीपीव्हीसी पाइपच घातला, कारण साधा पीव्हीसी गरम पाण्याने मऊ पडतो. गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थेंब पडतात, ते पडू द्यायचे असतात, कारण तापलेलं पाणी फुगतं आणि त्या दाबाला वाट हवी. ठिबकतंय म्हणून तिथे बूच मारलेली घरं त्याने कितीतरी पाहिली आहेत म्हणे.

गॅसचा गिझर टाकून दिला नाही. तो मागच्या पडवीच्या भिंतीवर बाहेर गेला, सोसाट्याचा वारा लागणार नाही अशा कोपऱ्यात. आत येते ती फक्त गरम पाण्याची नळी. गॅसचा नारंगी सुरक्षा होज पाइप पाच वर्षांनी बदलायचा असतो, म्हणून त्याची तारीख त्याने भिंतीवर मार्करने लिहून ठेवली. खारा वारा बर्नर खातो, तेव्हा पावसाळा संपला की दरवर्षी सर्व्हिस. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली की बंद करून त्याला फोन.

त्याने मजुरीचे अडीच हजार घेतले, सामानाचे वेगळे. वाडीत लोक म्हणाले, फार घेतले. मला ते पटत नाही. लादी निवडायला आपण खेडपर्यंत तीन फेऱ्या मारतो, आणि ज्या खोलीत आपली पोरं कडी लावून एकटी असतात तिथलं काम फुकट येईल त्याच्या हाती देतो. घरगुती खोल्या चालवणाऱ्यांना तर हात जोडून सांगते. आपल्याकडे डिसेंबरात उतरणारी माणसं आपल्या भरवशावर दार लावून घेतात. त्यांना काय ठाऊक गिझर कुणी बसवलाय ते.

आणि असा माणूस गावात सापडत नाही, हेही खरं आहे. मला तीन आठवडे लागले. आपली हुशार पोरं आयटीआय करतात आणि मुंबई-पुण्याचा रस्ता धरतात. इथे त्यांच्या कामाला योग्य दाम मिळाला तर त्यातली चार तरी राहतील. दाम द्यायचा तर आपल्यालाच द्यायचा आहे.

ज्या घरी गेल्या आठवड्यात गिझर पाहिला त्या काकू आधी म्हणाल्या, "अगं, सगळ्यांकडे आतच असतो, कुणाला काय झालंय?" मी त्यांना पुतणीचं सगळं सांगितलं. त्या गप्प झाल्या. त्यांची नात पुढच्या महिन्यात येणार आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच फोन केला, "तुझ्या त्या माणसाचा नंबर दे." काल तो येऊन गेला. गिझर आता मागल्या दारी आहे, आणि भिंतीतलं जुनं भोक बुजवायला गवंडी रविवारी येतोय.