बोर्डच्या घसरड्या डेकवर वाळू आणि पॉलिएस्टर रेझिन? खुलासा

विंडसर्फिंग (शीड लावलेल्या बोर्डवर उभं राहून पाण्यावर सरकण्याचा खेळ) करणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: डेकची, म्हणजे बोर्डवर पाय ठेवतो त्या वरच्या भागाची, पकड झिजली की किनाऱ्यावरची वाळू पॉलिएस्टर रेझिनमध्ये (वाळून कडक होणाऱ्या चिकट द्रवात) कालवून फासा, बोर्ड नव्यासारखा. स्वस्तातला उपाय म्हणून मोह पडणं साहजिक आहे, पण कृपया हे करू नका.

आजच्या बहुतेक बोर्डांचा गाभा पांढऱ्या पॉलिस्टायरीन फोमचा, म्हणजे थर्माकोलसारखा, असतो आणि त्यावर इपॉक्सी या दुसऱ्या प्रकारच्या रेझिनचं कवच. पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं, ते हा फोम विरघळवतं. कवचाला बारीकशी चीर असली तरी रेझिन आत उतरून पोकळी करू शकतं. खात्री हवी असेल तर थर्माकोलच्या तुकड्यावर पॉलिएस्टर रेझिन थेंबभर टाकून पाहा. शिवाय इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही, पापुद्रे सुटतात. आणि वाळूतले शिंपल्यांचे कण तळपाय सोलतात.

मग पकड परत कशी आणायची? आधी चिरा बुजवा. डेक गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, १२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा, कडेला मास्किंग टेप लावा. मग इपॉक्सीचा पातळ थर द्या आणि तो ओला असतानाच वर साखर भुरभुरा. हो, घरातलीच साखर! रेझिन पक्कं झाल्यावर कोमट पाण्याने ती विरघळते आणि मागे खडबडीत खळगे उरतात. टेप मात्र रेझिन कडक व्हायच्या आत काढा.

वाळूवाला मेसेज पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलात त्यांना हा खुलासा पाठवा.